एकाशेजारी एक

बडोद्याच्या हरणीत राहणाऱ्याला मुंबईला जायचं तर विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे. तरी दांडिया बाजारातले वाडे सोडून इकडे फ्लॅटमध्ये आलेली आमच्यासारखी मराठी घरं अजून रिक्षा करून स्टेशनच गाठतात. भरूचला नर्मदेचा पूल, मग सुरत, वलसाड, वापी. घोलवडच्या चिकूच्या वाड्या दिसायला लागल्या की सामान आवरायला अजून वेळ असतो, आणि तेवढ्यात डहाणू रोड मागे पडतं.

या डहाणूत १७ जानेवारी १९०५ रोजी संख्यावेडे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर जन्मले. रूळ तेव्हा बी. बी. अँड सी. आय. कंपनीचे. त्या लांबलचक नावातला दुसरा 'बी' म्हणजे आमचं बडोदं. पण मला सांगायची ती गोष्ट घडली दुसऱ्या रेल्वेवर, जी. आय. पी.वर, मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या एका स्टेशनात. कापरेकर त्या स्टेशनाचं नाव 'डेम्लो' असं सांगत. म्हणजे आजची डोंबिवली, असं म्हणतात. आता जिथे सकाळी आठच्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तिथे एका माणसाला संख्यांची एक अख्खी जात सुचली आणि त्याने तिला स्टेशनचं नाव देऊन टाकलं: डेम्लो संख्या.

ती समजायला कागद-पेन्सिल पुरते.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

चौथा गुणाकार शाळेत मांडायचो तसा मांडून पाहा. एकाखाली एक चार ओळी येतात. प्रत्येकीत चार एक, आणि प्रत्येक ओळ वरचीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. बेरीज उभी करायची. उजवीकडच्या रकान्यात एकच एक, पुढच्यात दोन, मग तीन, मधे चार, आणि पुन्हा उतरण. पायऱ्या चढाव्यात आणि उतराव्यात तसं उत्तर येतं. नऊ एकांपर्यंत हे बिनबोभाट चालतं आणि १२३४५६७८९८७६५४३२१ अशी सतरा अंकी संख्या मिळते. तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाचा वर्ग. १२३२१ च्या अंकांची बेरीज ९, तिनाचा वर्ग.

दहा एक घेतले की गंमत संपते. मधल्या रकान्यात दहा एक जमतात, शून्य लिहून हातचा एक द्यावा लागतो. शेजारी नऊ बसलेला, त्यालाही तो पेलत नाही, त्याचंही शून्य होतं आणि हातचा पुढे आठावर जातो. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या चढणीवरचा आठ गायब, शिखरावर दोन शून्यं, आणि अंकांची बेरीज शंभराऐवजी ८२. हातचा आला आणि खेळ मोडला.

कापरेकरांची मूळ कल्पना याहून थोडी मोकळी होती. संख्येचे तीन तुकडे करायचे. मधल्या तुकड्यात एकच अंक, हव्या तेवढ्या वेळा. डावा आणि उजवा तुकडा सारख्याच लांबीचे, आणि त्यांची बेरीज केली की मधलाच अंक सगळीकडे यायला हवा. १६५ घ्या: एक आणि पाच मिळून सहा. २५५३ मधे दोन आणि तीन मिळून पाच. १२३४३२१ मधे १२३ आणि ३२१ मिळून ४४४. वरचे वर्ग म्हणजे याच घराण्यातली सर्वांत देखणी मुलं. कापरेकरांनी त्यांना 'वंडरफुल' असं विशेषण लावलं होतं.

कापरेकर आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, फलज्योतिषाचे वेडे. पोराच्या डोक्यात आकडे तिथून शिरले असावेत. कुंडलीचं गणित हे शेवटी गणितच. शाळा ठाण्यात झाली, १९२३ मधे पुण्याला फर्ग्युसनमधे दाखल झाले. ठाण्याहून पुण्याकडे जाणारी गाडी डोंबिवलीवरूनच जाते. १९२७ मधे त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झाली १९२९ साली, आणि १९३० पासून ते देवळालीला शाळामास्तर झाले. पुढची बत्तीस वर्षं हीच नोकरी. पुढची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. डेम्लोंवरची त्यांची टिपणं १९३८ मधे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' मधे आली. पुढच्याच वर्षी के. आर. गुंजीकरांबरोबरचा लेख मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमधे.

इथवरची गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांनी सांगितली आहे. मला रस आहे तो या वर्गांच्या मुळाशी असलेल्या संख्येत. १२३२१ हा १११ चा वर्ग. मग ती १११ स्वतः कोण? एकाशेजारी एक, एकाशेजारी एक, अशी नुसती एकांची माळ. ती मूळ संख्या असू शकते का? म्हणजे एक आणि स्वतः सोडून दुसऱ्या कशानेच भाग न जाणारी?

११ मूळ आहे, हे पाढ्यांत कळतं. १११ ला तिनाने भाग जातो: ३ × ३७. ११११ म्हणजे ११ × १०१. ११,१११ मूळ वाटते, पण ४१ × २७१ निघते. सहा एकांना तर चहूबाजूंनी तडे: दोन-दोनचे गट पाडा, अकराने भाग जातो, तीन-तीनचे पाडा, १११ ने जातो. त्यावरून एक नियम लगेच हाती येतो. एकांची संख्याच जर संयुक्त असेल तर माळ तुटणारच. सहा, आठ, नऊ, दहा, बारा हे सगळे बाद. उरतात फक्त मूळ संख्येइतके एक असलेल्या माळा: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३...

सात एकांची माळ एका प्रवासात मी वर्तमानपत्राच्या कडेला फोडून पाहिली आहे. ११,११,१११ ला कोणत्या मूळ संख्येने भाग जाईल हे आंधळेपणाने शोधायचं तर हजाराच्या वरपर्यंत जावं लागेल, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास भागाकार. पण इथे शाळेतले आवर्ती दशांश मदतीला येतात. १ ला ७ ने भागा: ०.१४२८५७ आणि पुन्हा तेच. आवर्तन सहा अंकांचं. एखाद्या मूळ संख्येने १ ला भागल्यावर सात अंकांचं आवर्तन येत असेल तर ती ९९,९९,९९९ ला भागणार, आणि म्हणून सात एकांनाही भागणार. आणि आवर्तनाच्या लांबीने 'मूळ संख्या वजा एक' ला नेहमी नि:शेष भाग जातो. तेव्हा आपल्याला हवी असलेली मूळ संख्या सातच्या पटीपेक्षा एकाने मोठी हवी. आणि ती विषम असल्याने चौदाच्या पटीपेक्षा एकाने मोठी. २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११, २३९. सात वेळा बाकी उरली. आठव्यांदा, वापीच्या अलीकडे, २३९ ने भाग गेला: ४६४९. बाकी शून्य आल्यावर समोर बसलेल्या गृहस्थांनी मान वर करून पाहिलं, म्हणजे मी काहीतरी मोठ्याने बोललो असणार.

हे काम करायला कापरेकरांच्या काळात छापील कोष्टकंही होती. अमेरिकेतल्या डी. एन. लेमर यांनी १९०९ मधे एक कोटीच्या थोडं पलीकडपर्यंतच्या संख्यांच्या लहानात लहान अवयवांचं जाडजूड कोष्टक प्रसिद्ध केलं होतं. सात एक, म्हणजे अकरा लाख, त्यात बसतात. आठ एक म्हणजे एक कोटी अकरा लाख; कोष्टक त्याच्या अलीकडेच संपतं. तिथून पुढे ज्याची त्याने पेन्सिल झिजवायची.

अकरा, तेरा आणि सतरा एकांच्या माळा तुटल्या. अकरांची २१,६४९ ने. सतरांचा लहान अवयवसुद्धा वीस लाखांच्या वर आहे. एकोणीस एकांची माळ मात्र कशानेच तुटेना. तिचं वर्गमूळ एकशे पाच कोटींच्या घरात. अडतीसच्या पटीपेक्षा एकाने मोठ्या असलेल्या मूळ संख्याच तेवढ्या पाहायच्या म्हटलं तरी त्या लाखोंच्या हिशेबात जातात. पहिलं महायुद्ध संपत आलं तेव्हा, १९१८ मधे, ऑस्कर हॉपे यांचा निकाल प्रसिद्ध झाला: १,१११,१११,१११,१११,१११,१११ ही मूळ संख्या आहे. मग तेवीस एकांची पाळी आली. मोरिस क्रायचिक आणि डी. एच. लेमर (कोष्टकवाल्या लेमरांचे चिरंजीव, हा रोग घराण्यात होता) यांनी १९२९ मधे तीही मूळ ठरवली.

१९२९ हे साल लक्षात ठेवा. तेच कापरेकरांच्या बी. एस्सी.चं. पुढचं वर्ष देवळालीतल्या नोकरीचं पहिलं. ते निवृत्त झाले १९६२ मधे. या बत्तीस वर्षांत जगात कुणालाही नुसत्या एकांची नवी मूळ संख्या मिळाली नाही. एकोणतीस, एकतीस, सदतीस, एक्केचाळीस... एकेक माळ कुठेतरी तुटत गेली. ज्या माणसाने एकांच्या वर्गांना नाव दिलं, त्याची उभी कारकीर्द या दुष्काळात गेली.

त्याने त्यांना फरक पडला असेल असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे कामं ढिगाने होती. आवर्ती दशांशांच्या चक्रांवर त्यांनी १९५० मधे पुस्तिका काढली. हा छंद त्यांच्याआधी विल्यम शँक्स या इंग्रज गृहस्थांनाही होता. तेही शाळाच चालवत. पाय (π) या संख्येचे ७०७ अंक काढणारे म्हणून ते ओळखले जातात. त्यातले ५२८व्यापासून पुढचे चुकले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर सहा दशकांनी कळलं. पण त्याच शँक्सनी हजारो मूळ संख्यांच्या आवर्तनांची लांबी हाताने काढून ठेवली होती, आणि तो हिशेब एकांच्या माळा फोडायला थेट उपयोगी पडतो. शाळामास्तर आणि लांब भागाकार यांचं हे नातं इंग्लंडातही होतं, देवळालीतही.

६१७४ ची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. हे त्यांना १९४६ मधे सापडलं, १९४९ च्या मद्रासच्या परिषदेत त्यांनी ते मांडलं. मग स्वयंभू संख्या: एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी कधीच तयार होत नाही, ती स्वयंभू. १५ मधे १ आणि ५ मिळवले की २१ होते, म्हणून २१ स्वयंभू नाही. २० मात्र अशी कशातूनच निघत नाही. ३१, ५३, ९७ या स्वयंभूही आहेत आणि मूळही. 'स्वयंभू' हा शब्द, शेंदूर फासलेल्या दगडासाठी वापरतात तोच, संख्येला लावायचं सुचायला मराठी घरात वाढलेला माणूसच हवा.

विद्यापीठांतल्या गणितज्ञांपैकी अनेकांना यात काही दम वाटला नाही. ते अगदीच चूक होते असं म्हणवत नाही. अंकांची बेरीज, अंकांची उलटापालट हे सगळं आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून. उद्या माणसाला बारा बोटं फुटली आणि तो बारांच्या गटांत मोजू लागला तर ६१७४ ची जादू संपेल. ७ चं मूळ असणं मात्र बोटांवर अवलंबून नाही. एवढा भेद त्या लोकांना दिसत होता, आणि तो खरा आहे. त्यांनी त्यावरून काढलेला निष्कर्ष, की म्हणून हे सगळं पोरखेळ, तो मला पटत नाही. का, ते पुढे येईल.

नामवंत जर्नलं लेख घेत नसली की कापरेकर स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापत. देवळाली कँप हाच प्रकाशनाचा पत्ता. 'डेम्लो नंबर्स' १९४८ ची, स्वयंभू संख्यांवरच्या १९५९ आणि १९६३ च्या. शाळामास्तराच्या पगारात छपाईचं बिल कुठून भागत असेल याचा विचार ज्याने कधी स्वतःचं पुस्तक स्वतः छापलंय त्यानेच करावा. संख्यांमधल्या आपल्या रमण्याची तुलना ते दारुड्याच्या नशेशी करत: उतरू नये असंच वाटणारी. १९६६ मधे पत्नी गेली. पेन्शन पुरेना म्हणून त्यांनी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेतल्या. अनोळखी गुणवंताला हुडकून पुढे आणणारा गणितज्ञ हार्डी सगळ्यांच्याच नशिबी नसतो. यांच्या नशिबी मार्टिन गार्डनर आला, तोही उशिरा. 'सायंटिफिक अमेरिकन' मधे गणिताच्या गमतींवर सदर लिहिणाऱ्या गार्डनरने मार्च १९७५ मधे कापरेकरांवर लिहिलं, आणि सत्तरीत पोचलेल्या या माणसाचं नाव जगभरच्या संख्यावेड्यांना कळलं.

तोवर एकांच्या माळेलाही बारशाचं नाव मिळालं होतं. अल्बर्ट बायलर यांनी साठच्या दशकात तिला 'रिप्युनिट' म्हटलं, पुन:पुन्हा येणारा एकक. कॅनडातल्या विनिपेगमधे, मॅनिटोबा विद्यापीठात ह्यू विल्यम्स या रिप्युनिटांच्या मागे होते. त्यांच्याकडे पेन्सिलीऐवजी संगणक होता. १९७७ च्या सुमारास त्यांनी ३१७ एकांची माळ मूळ असल्याचं सिद्ध केलं. २३ नंतर थेट ३१७. मधल्या पन्नासहून अधिक माळा तुटलेल्या. अर्धशतकाचा दुष्काळ संपला तेव्हा कापरेकर बहात्तर वर्षांचे होते.

त्याच १९७७ साली अमेरिकेत रिव्हेस्ट, शामीर आणि अ‍ॅडलमन यांनी दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर बेतलेली गुप्तलेखनाची रीत शोधली. बँकेच्या व्यवहारांच्या रक्षणासाठी आज त्या रीतीत साधारण ३०९ अंकी मूळ संख्यांच्या जोड्या वापरतात. ३१७ एक लांबीने त्याच्याच आसपास. कुलूप मात्र या माळेचं करता येणार नाही. चोर पहिली किल्ली तीच लावून बघेल.

पुढची माळ १०३१ एकांची. शाळेच्या वहीत एका ओळीत तीस अंक लिहिले तर ती पस्तिसाव्या ओळीवर संपेल. ती मूळ असावी अशी चिन्हं विल्यम्स आणि त्यांचे सहकारी यांना सत्तरच्या दशकाच्या अखेरीसच दिसली होती. फर्माने सतराव्या शतकात सांगून ठेवलेली एक कसोटी आहे, एखाद्या संख्येचा मोठा घात काढून, त्याला तपासायच्या संख्येने भागल्यावर बाकी एक उरते का पाहायची. एक उरली नाही तर संख्या नक्की संयुक्त. उरली तर 'बहुधा मूळ'. गणितात बहुधाला किंमत नाही. कोर्टात संशय आणि शिक्षा यांत जेवढं अंतर तेवढंच इथेही.

सिद्ध करायची एक वाट अशी: संख्येचा स्वतःचा अवयव सापडत नसेल तर तिच्या खालच्या शेजारणीला फोडा. म्हणजे मूळ असल्याचा संशय असलेल्या संख्येतून एक वजा करा. जी संख्या येईल तिचा बराच मोठा हिस्सा अवयवांत मोडता आला, तर त्या अवयवांच्या आधाराने वरची संख्या मूळ आहे हे ठामपणे सांगता येतं. कुठल्याही भल्यामोठ्या संख्येच्या बाबतीत ही शेजारीण तितकीच हट्टी असू शकते. एकांच्या माळेचं तसं नाही. १०३१ एकांतून एक वजा केला की शेवटचा एक जाऊन तिथे शून्य येतं: १११...१०. म्हणजेच १०३० एकांची माळ गुणिले दहा! आणि १०३० = २ × ५ × १०३. सहा एकांचे जसे गट पडले तसे हिचे दोन-दोनचे, पाच-पाचचे, दहा-दहाचे, एकशे तीन-एकशे तीनचे गट पडतात. ११, ४१, २७१ हे आपले जुने ओळखीचे तिच्या पोटात बसलेले असतात. अंकांचा जो देखणेपणा पोरखेळ म्हणून हिणवला गेला, त्याच देखणेपणाने पुराव्याची अर्धी वाट मोकळी केली.

उरलेली अर्धी मात्र दगडी होती. गट पाडल्यावरही शेकडो अंकी तुकडे उरतात आणि त्यांचे अवयव हुडकावे लागतात. ते हुडकणारे हार्वे डबनर हे विद्यापीठातले गणितज्ञ नव्हते. न्यू जर्सीतले विद्युत अभियंते, मूळ संख्यांचे हौशी. मोठ्या संख्यांचे गुणाकार भराभर करणारं यंत्र त्यांनी आपल्या मुलाबरोबर स्वतःच बनवलं होतं. पुरेसे अवयव मिळाले, आणि विल्यम्स व डबनर यांचा १०३१ एकांचा पुरावा १९८६ च्या 'मॅथेमॅटिक्स ऑफ कॉम्प्युटेशन' मधे छापून आला.

त्याच १९८६ साली देवळालीत कापरेकर वारले.

१०३१ एकांची ही संख्या कशी आहे? उलटी वाचा, सुलटी वाचा, तीच. १३ मूळ आणि ३१ ही मूळ. ११३, १३१, ३११ या तिन्ही मूळ. कुठल्याही क्रमाने अंक लावा, मूळच राहणाऱ्या अशा संख्या तीन अंकांपर्यंत मोजक्या आहेत. त्याच्या पुढे आजवर ज्या मिळाल्या त्या फक्त एकांच्या माळा: १९, २३, ३१७, १०३१ आणि त्यांच्यापुढच्या. तिथे हलवाहलव करायला वेगळा अंकच नाही. अशा मूळ माळा किती आहेत, अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हे आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. १०३१ नंतरची, ४९,०८१ एकांची, डबनरना १९९९ मधे सापडली. पण 'बहुधा' हा शब्द गळून पडायला २०२२ उजाडलं. ८६,४५३ एकांचा पुरावा २०२३ मधे आला. संगणक इतके पुढे गेले तरी माणसं अजून एकेक माळ घेऊन बसलेली आहेत.

आणि बारा बोटांच्या त्या आक्षेपाचं राहिलं. दहाऐवजी दोनांच्या गटांत मोजायला लागलो, संगणक मोजतो तसं, तरी एकांच्या माळा असतातच. दोनांच्या भाषेत १११ म्हणजे आपले ७. ११११ म्हणजे १५. ११११११ म्हणजे ६३. दोनचा कुठलाही घात, उणे एक. युरोपात या संख्यांना मर्सेन या सतराव्या शतकातल्या फ्रेंच पाद्र्याचं नाव आहे आणि त्यांना कुणी पोरखेळ म्हटलेलं नाही. फ्रान्सच्या ल्यूकाने १८७६ मधे १२७ एकांची अशी माळ मूळ असल्याचं हाताने सिद्ध केलं. आपल्या लिपीत ती ३९ अंकी होते. ऑक्टोबर २०२४ मधे ल्यूक ड्युरंट यांना सापडलेली, आजमितीस ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या आपल्या पद्धतीत ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकांची आहे. संगणकाच्या भाषेत लिहिली तर तीही एकाशेजारी एकच, १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ वेळा. तिचा वर्गही पायऱ्या चढू पाहील, फक्त हातचा दुसऱ्याच पायरीवर येईल.

कापरेकरांच्या निबंधांनी १०३१ एकांचा पुरावा दिला, असा दावा मी करणार नाही. तो दिला नाही. गणिताच्या इतिहासात त्यांची जागा कुठली हे तज्ज्ञ ठरवतील, आणि ती फार वरची ठरणार नाही. पण ते ज्या माळेसमोर बसले होते ती माळ खरी होती, आणि बाकीचं जग पुढे तिथेच येऊन बसलं.

परतीच्या गाडीत डहाणू रात्री येतं, काही दिसत नाही. म्हणून शेवटी एकच विनंती. देवळाली, नाशिक, ठाणे, पुणे, बडोदे इथल्या जुन्या घरांत, एखाद्या निवृत्त मास्तरांच्या ट्रंकेत, देवळाली कँपचा पत्ता असलेली इंग्रजीतली पातळशी पुस्तिका सापडली, आत नुसते आकडेच आकडे दिसले, तर ती रद्दीत घालू नका. गावातल्या ग्रंथालयात नेऊन द्या आणि नोंद करून पावती मागा. बडोद्यात असाल तर सयाजीरावांनी १९१० मधे सुरू केलेली मध्यवर्ती लायब्ररी मांडवीजवळ अजून उघडी असते.